नामदार गोखले यांची कसोटी

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले, की शाळेतील गणिताची गोष्ट बहुधा सांगितली जाते. घरी सोडवावयास दिलेली उदाहरणे एकट्या गोपाळची बरोबर आली. गुरुजींनी त्याची पाठ थोपटली, आणि तो मुलगा एकाएकी रडू लागला. कारण एका उदाहरणात त्याने दुसऱ्याचे साहाय्य घेतले होते. गोष्ट गोड आहे खरी. परंतु ती एका बालकाची आहे, आणि खरे बोलण्यात त्याला गमवावे लागणार होते ते फार थोडे. वयाच्या एकतिसाव्या वर्षी याच गोपाळरावांवर जो प्रसंग ओढवला, त्यात लौकिक, मित्र, लोकांचा विश्वास, सारेच पणाला लागले होते आणि पाठ थोपटणारे गुरुजी तेथे नव्हते. तो प्रसंग प्लेगच्या साथीत आला.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या लहानशा गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले आणि घराचा आधार तुटला. वडील बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली व त्यातील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. त्या आठ रुपयांची किंमत गोपाळ कधीही विसरला नाही. तो हाताने स्वयंपाक करी, आणि तेलाचा खर्च वाचावा म्हणून रस्त्यावरील दिव्याखाली बसून अभ्यास करी. १८८४ साली, अठराव्या वर्षी, तो बी. ए. झाला. अशा तरुणास सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्याने मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अल्प वेतनावर शिक्षकी पत्करली आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात तो प्राध्यापक झाला. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे कित्येक वर्षे शाळांतून शिकविले जात होते.

पुण्यातच त्यांना गुरू लाभले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. त्यांची विद्वत्ता अफाट होती. पण त्याहूनही मोठी होती ती त्यांची शांत वृत्ती. कितीही टीका झाली तरी त्यांचा तोल जात नसे. सरकारी अहवाल कसा वाचावा, आकडा कसा पारखून घ्यावा, लिहिलेले पुन्हा पुन्हा कसे तपासावे, हे सारे गोखले त्यांच्यापाशी बसून शिकले. गुरूची एक गोष्ट मात्र शिष्याच्या अंगी सहज येईना. रानडे यांच्या अंगावरून कठोर शब्द ओघळून जात. गोखल्यांच्या तो मनात रुतून बसे. ते लाजाळू व अत्यंत हळवे होते. वर्तमानपत्रात आलेले टीकेचे चार शब्द त्यांची झोप उडवीत. पुण्यातील सार्वजनिक जीवनात त्या काळी मोठे वादविवाद चालत. सार्वजनिक सभा ही संस्था प्रतिपक्षाच्या हाती गेली, तेव्हा रानडे यांनी १८९६ साली डेक्कन सभा ही नवी संस्था काढली आणि तिचे काम गोखल्यांवर सोपविले. असल्या भांडणांनीही गोखले फार व्यथित होत. हळव्या मनाच्या माणसाने सार्वजनिक कार्यात पडू नये, असे पुष्कळांना वाटते. गोखल्यांनाही ते अनेकदा वाटले असावे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात एका विचित्र तापाचे रोगी दिसू लागले. ताप भडके, काखेत किंवा जांघेत गाठ येई, आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे या साथीचा उद्रेक झाला होता आणि तेथे अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञाने रोगाचा जंतू शोधून काढला होता. परंतु तो जंतू माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे १८९६ साली कोणासच ठाऊक नव्हते. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, असे पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखविले, ते १८९८ मध्ये. आणि तेही लोकांना व सरकारला पटावयास आणखी काही वर्षे गेली. कारण न कळलेल्या संकटाची भीती अधिक मोठी असते. लोक मुंबई सोडून पळाले, आणि रोगही आगगाडीने त्यांच्याबरोबर गावोगावी गेला. वर्ष संपण्यापूर्वी तो पुण्यास पोहोचला. पुढे नाशिक जिल्ह्यातही त्याने अनेक घरे ओसाड केली. पुढील पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या साथीला बळी पडली.

सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांविषयीचा कायदा केला. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा आपल्या सरकारांनी प्रथम हाती घेतला तो हाच सव्वाशे वर्षांचा जुना कायदा. पुण्यात त्याची अंमलबजावणी रँड या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. मार्च महिन्यापासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरून रोग्यांचा शोध घेऊ लागल्या. रोगी सापडला, की त्याला रुग्णालयात नेत. घरच्या माणसांना गावाबाहेरच्या छावणीत ठेवीत. सामान जाळीत, जमीन उकरून काढीत, भिंतींना चुना फाशीत. यातील काही उपाय रोग आटोक्यात आणण्याच्या हेतूनेच योजले होते. परंतु परक्या देशाचा, परक्या भाषेचा, बूट घातलेला सैनिक स्वयंपाकघरात व देवघरात शिरतो आणि आजारी आईला अंथरुणातून उचलून नेतो, हे पाहून लोकांच्या मनावर काय परिणाम झाला असेल? त्यांना रोगापेक्षा तपासणीचे भय अधिक वाटू लागले. माणसे रोगी लपवू लागली. मेलेल्यांची बातमी दडपू लागली. रुग्णालयात गेलेला परत येत नाही, तेथे मुद्दाम मारतात, अशा कंड्या उठल्या. खरे किती व खोटे किती हे निवडण्याची शक्ती भयभीत मनाला राहत नाही. त्या दिवसांत पुण्याचे शरीर आजारी होते आणि मनही आजारी होते.

गोखले त्या वेळी पुण्यात नव्हते. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लंडनमध्ये वेल्बी आयोग बसला होता, त्यापुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेने त्यांना पाठविले होते. त्यांच्यासोबत मुंबईचे दिनशा वाच्छा होते. प्रवासात फ्रान्सच्या कॅले बंदरापाशी गोखल्यांच्या छातीस जबर इजा झाली. संकोची स्वभावामुळे त्यांनी ती वेदना प्रथम कोणास सांगितली नाही. लंडनला पोहोचल्यावर दुखणे वाढले, तेव्हा डॉक्टर आले आणि प्राणावरचे संकट थोडक्यात टळल्याचे कळले. काँग्रीव्ह नावाच्या एका इंग्रज बाईंनी त्यांची मायेने शुश्रूषा केली. हृदयाचा तो अधूपणा पुढे जन्मभर राहिला. तरीही एप्रिलमध्ये ते आयोगापुढे उभे राहिले. साक्षीदारांत ते वयाने सर्वांत लहान होते. परंतु त्यांच्या आकड्यांपुढे व उत्तरांपुढे उलट तपासणी करणारेही थबकले. वृद्ध दादाभाई नौरोजींना धन्यता वाटली. तीस वर्षांच्या शिक्षकाला याहून मोठे यश ते कोणते मिळावयाचे?

याच यशाच्या दिवसांत पुण्याहून पत्रे येऊ लागली. टपाल आगबोटीने येई. घडलेली गोष्ट कळावयास दोन-अडीच आठवडे लागत. आपल्या गल्ल्या, आपली घरे, आपले मित्र संकटात आहेत आणि आपण सातासमुद्रापलीकडे सुरक्षित आहोत, ही जाणीव गोखल्यांना जाळीत होती. पत्रांत सैनिकांच्या अरेरावीची वर्णने होती. त्यांतील काही पत्रांत असे लिहिले होते, की सैनिकांनी दोन स्त्रियांवर घोर अत्याचार केला व त्यांपैकी एकीने त्या अपमानामुळे प्राण दिला. पत्रे लिहिणारी माणसे विश्वासू होती. गोखल्यांनी ती वाचली आणि त्यांचा संताप अनावर झाला. जुलैच्या आरंभी मँचेस्टर येथील एका प्रमुख वृत्तपत्राच्या प्रतिनिधीस त्यांनी हे सारे सांगितले. पार्लमेंटच्या काही सभासदांच्या कानांवरही घातले. जो पुरुष एकेक आकडा तीन तीन वेळा तपासून घेई, त्याने या वेळी ऐकीव गोष्ट पारखल्यावाचून जगापुढे मांडली. त्यांचे मन त्या वेळी कोणत्या अवस्थेत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तसे कसे घडले ते समजते. तथापि घडले ते घडलेच.

दरम्यान पुण्यात भयंकर प्रकार झाला होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आयर्स्ट नावाचा दुसरा अधिकारी तत्काळ मरण पावला. रँड पुढे थोड्याच दिवसांत वारला. सरकार खवळले. धरपकड सुरू झाली. जुलैच्या अखेरीस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले. अशा वेळी गोखल्यांचे विधान विलायतेत प्रसिद्ध झाल्यामुळे तेथे एकच खळबळ उडाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते साफ नाकारले, आणि पुरावा द्या अशी मागणी सर्व बाजूंनी होऊ लागली.

गोखले परत येण्यास निघाले. बोट मुंबईच्या बंदरात लागताच पोलीस कमिशनर त्यांना भेटावयास आले व पत्रे लिहिणारांची नावे विचारू लागले. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. ती सांगितली असती, तर त्यांच्या खांद्यावरचा भार पुष्कळ हलका झाला असता, पण त्या दिवसांच्या धरपकडीत लिहिणारांचे काय झाले असते हे सांगावयास नको. त्यांनी खाजगीरीत्या चौकशी केली. तपासणीत लोकांचा छळ झाला, अपमान झाले, याविषयी बोलणारे पुष्कळ होते. परंतु त्या दोन स्त्रियांविषयीचा आरोप सिद्ध करावयास पुढे येईल असा साक्षीदार एकही मिळेना. ज्यांनी लिहिले होते तेही गप्प राहिले. ते भ्याले होते, की त्यांनीही केवळ ऐकलेलेच लिहिले होते?

आता गोखल्यांपुढे दोन वाटा होत्या. मौन धरून राहावे, काही महिन्यांत लोक विसरतील, ही एक. पुरावा नसलेला आरोप उघडपणे मागे घ्यावा, ही दुसरी. रानडे व इतर मित्रांशी विचारविनिमय करून त्यांनी दुसरी वाट धरली. ऑगस्टच्या आरंभी त्यांचे निवेदन वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. आपण केलेल्या आरोपास आपल्यापाशी पुरावा नाही, तो करण्याचा आपणास अधिकार नव्हता, असे सांगून त्यांनी गव्हर्नर, प्लेग समितीचे अधिकारी आणि तपासणीच्या कामावरील सैनिक या सर्वांची बिनशर्त क्षमा मागितली. नावे सांगितली नाहीत आणि दोषही दुसऱ्यावर ढकलला नाही. सारा दोष स्वतःकडे घेतला.

यानंतर जे झाले ते भयंकर होते. इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी त्यांना खोटारडे ठरविले, तर आपल्या वर्तमानपत्रांनी भित्रे. सैनिकांनी लोकांना छळले हे उघड असताना त्यांचीच क्षमा मागावयाची, हे अनेकांना सहन झाले नाही. आणि त्या लोकांचा राग अगदीच अन्यायाचा होता, असे म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरांत सैनिक शिरले होते, त्यांना पुराव्याचा कायदा ठाऊक नव्हता, जे भोगले तेवढे ठाऊक होते. त्यातच सप्टेंबरात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एक पुरुष माफी न मागता तुरुंगात गेला आणि दुसरा माफी मागून मोकळा राहिला, अशी तुलना जो तो करू लागला. दोघांवरील आरोप निराळे होते, प्रसंग निराळे होते, हे कोण लक्षात घेतो? डिसेंबरात अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या अधिवेशनासाठी गोखल्यांनी चिटणीस म्हणून रात्रीचा दिवस केला होता. या वेळी त्यांच्याविषयीची नाराजी लपून राहिली नाही.

टीकेच्या चार शब्दांनी ज्याची झोप उडे, त्याच्यावर आता सारा देश बोलत होता. गोखल्यांना सर्वांत अधिक दुःख झाले ते दादाभाई नौरोजी, वेडरबर्न या वडीलधाऱ्या मित्रांसाठी. त्यांनी विश्वास टाकला आणि आपल्यामुळे त्यांना विलायतेत मान खाली घालावी लागली, ही खंत त्यांना कुरतडत राहिली. त्यांनी दादाभाईंना पत्रे लिहून आपले मन मोकळे केले. मनावरचे घाव शरीरावरच्या घावांसारखे दिसत नाहीत. म्हणून बरे झाले की नाही तेही कळत नाही. परंतु अशा वेळी माणसाने एकटे राहू नये, एवढे मात्र त्या काळातील जाणत्यांनाही ठाऊक होते. रानडे यांनी शिष्याचा हात सोडला नाही. महाविद्यालयातील वर्गही चालू होते. मुलांपुढे उभे राहून रोज धडा शिकवावयाचा होता. दुःखी माणसाला नित्याचे काम हा किती मोठा आधार असतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळते.

आणि दुसरे काम दाराशी आलेच होते. १८९७ चा पावसाळा सरता सरता पुण्यात प्लेग पुन्हा उसळला, तो पहिल्यापेक्षाही जोराने. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. गोखल्यांनाही जाता आले असते. हृदय अधू होते, डॉक्टरांनी जपून राहावयास सांगितलेले होते, आणि शहरात राहून त्यांना मिळणार होते ते टोमणेच. तरी त्यांनी प्लेग-निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून आपले नाव दिले.

या कामाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. पहिल्या साथीत परक्या सैनिकांमुळे जो अनर्थ झाला, तो टाळावयाचा तर तपासणीच्या वेळी लोकांच्या ओळखीचा, त्यांची भाषा बोलणारा मनुष्य बरोबर असावयास हवा होता. तो उंबऱ्याशी थांबून घरच्यांना विश्वासात घेई, कोण आजारी आहे ते विचारी, रुग्णालयात नेणे का आवश्यक आहे हे समजावून सांगे, छावणीत गेलेल्यांचे हवे नको पाही. औषध असे त्या रोगावर त्या काळी नव्हतेच. वाल्देमार हाफकिन यांची लस १८९७ च्या जानेवारीत मुंबईत तयार झाली होती, पण ती टोचून घेण्यासही लोक भीत. म्हणून घाबरलेल्या माणसाला धीर देणे हाच पुष्कळदा एकमेव उपचार असे. या कामी गोखले शहराच्या वस्त्यांतून हिंडले. या गल्ल्यांविषयी त्यांनी दूरदेशी बसून जे सांगितले होते, ते मागे घ्यावे लागले होते. आता त्याच गल्ल्या ते पायी तुडवीत होते, आणि जे होते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. ज्या घरांत ते जात, त्यांतील कित्येकांनी त्यांच्या माफीबद्दल त्यांना दूषणे दिली असतील. पण घरात तापाने फणफणलेले मूल असले, म्हणजे दारात आलेला मनुष्य कोणत्या पक्षाचा आहे हे आई विचारीत नाही.

संसर्गाची भीती गोखल्यांना वाटली नसेल काय? खचित वाटली असेल. ज्या मनाला दुसऱ्याचे दुःख चटकन लागते, त्याला भीतीही चटकन लागते. गोखले दगडाचे झाले नाहीत; हळवेच राहिले. मात्र आजवर जो हळवेपणा त्यांना अंथरुणात तळमळावयास लावी, तोच आता त्यांना रोग्याच्या अंथरुणापाशी घेऊन जाऊ लागला. हा बदल एका दिवसात झाला नाही, आणि तो झाला म्हणून जुनी जखम नाहीशी झाली असेही नाही. या प्रकरणाची आठवण त्यांना पुढेही अनेक वर्षे टोचत राहिली.

याच काळात, १८९८ च्या फेब्रुवारीत, त्यांनी एका कागदावर स्वतःसाठी काही संकल्प लिहून ठेवले. तो कागद त्यांच्या मृत्यूनंतर सापडला. नियमाने योगाभ्यास करावयाचा. इतिहास, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांचे ज्ञान मिळवावयाचे. फ्रेंच भाषा शिकावयाची. मुंबईच्या कायदे मंडळात, मग वरिष्ठ कायदे मंडळात व शेवटी थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सभासद होऊन देशाची सेवा करावयाची. सारे जग ज्याचे सार्वजनिक जीवन संपले असे म्हणत होते, त्याने हे लिहावे याचे नवल वाटते. कोणाला ती यादी वाचून हसूही येईल. परंतु खोल पाण्यात बुडणारा मनुष्य हात मारतो, तो किनारा किती दूर आहे हे मोजून मारीत नाही. यादीतील शेवटचा संकल्प सिद्धीस गेला नाही, पण त्या आधीचे दोन मात्र गेले.

हळूहळू वारा फिरला. प्लेगच्या कामात गोखल्यांनी केलेल्या श्रमांची प्रशंसा लॉर्ड सँडहर्स्ट यांनी कायदे मंडळात केली. ज्यांच्यावर त्यांनी आरोप केला होता व ज्यांची त्यांनी क्षमा मागितली होती, तेच हे गव्हर्नर. सक्तीने रोग आटोक्यात येत नाही, लोकांच्या मनाविरुद्ध केलेला उपाय फसतो, हे सरकारलाही पुढे पटले व तपासणीचे नियम सौम्य झाले. १८९९ मध्ये गोखले मुंबईच्या कायदे मंडळावर निवडून गेले, आणि तेथून कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे मंडळात. १९०२ च्या मार्चमध्ये तेथे त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. मिठावरील कर कमी करा, शिक्षणावर अधिक खर्च करा, असे ते दरवर्षी मागत. आकड्याचा व पुराव्याचा आधार असल्यावाचून ते बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती झाली. आणि लॉर्ड कर्झन यांच्यासारखा अभिमानी व्हाइसरॉयही त्यांचे भाषण लक्ष देऊन ऐके. लोक त्यांना आदराने नामदार गोखले म्हणू लागले.

पुढचे चरित्र सर्वांस परिचित आहे, म्हणून ते थोडक्यात सांगितले तरी चालेल. १९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्या वर्षीच्या काशीच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. अमरावतीनंतर आठ वर्षांनी. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत व्हावे, म्हणून १९११ मध्ये त्यांनी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. १९१२ मध्ये प्रकृती ढासळलेली असताना दक्षिण आफ्रिकेस जाऊन त्यांनी तेथील हिंदी लोकांची गाऱ्हाणी पाहिली. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत. भारत सेवक समाजाचे सभासद अल्प वेतनावर जन्मभर सेवा करण्याची शपथ घेत, आणि १९०७-०८ मध्ये संयुक्त प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ते तेथे धावून गेले. संकटग्रस्तांच्या दाराशी कसे उभे राहावे, हे त्यांच्या संस्थापकाने प्लेगच्या वस्त्यांतून शिकलेले होते.

मधुमेहाने व हृदयविकाराने गोखल्यांचे शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय एकोणपन्नासही पूर्ण नव्हते. टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. दोघांनी पंचवीस वर्षे एकमेकांशी कडाक्याचे वाद घातले होते, आणि १८९७ च्या त्या कडू वर्षात लोकांनी एकाला मोठे ठरविण्यासाठी दुसऱ्याला लहान केले होते. बातमी कळताच टिळक गड उतरून पुण्यास आले, स्मशानभूमीत जमलेल्या लोकांपुढे उभे राहिले, आणि या पुरुषाच्या जीवनाचा कित्ता गिरवावा असे त्यांनी त्या समुदायास सांगितले.